सुरुवातीच्या अमेरिकेचा इतिहास शिकवताय? शिक्षकांनी स्वतः शिकायची एका वर्षाची आखणी

अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत देशाचा आरंभीचा इतिहास मुलांना शाळेत दोनदा भेटतो, पाचवीत आणि पुन्हा आठवीत. मूळ रहिवाशांची राष्ट्रं, १६०७ ची जेम्सटाउन वसाहत, गुलामगिरी, चहावरून पेटलेला तंटा, १७७६ चा जाहीरनामा, १७८७ ची राज्यघटना, एवढा मोठा पट असतो. पाचवीचे शिक्षक बहुधा गणितापासून विज्ञानापर्यंत सगळंच शिकवतात आणि त्यांच्या प्रशिक्षणाचे दिवस वाचन-गणितातच संपतात. आठवीचे शिक्षक इतिहासाचे असतात, पण पदवीच्या अभ्यासात सतरावं-अठरावं शतक त्यांच्या वाट्याला एखाद्या विषयापुरतंच आलेलं असतं. आपल्यातले जे भारतात शिकून न्यू जर्सी, टेक्सस किंवा कॅलिफोर्नियाच्या शाळांत शिकवायला लागले, त्यांनी तर हा इतिहास शाळेत ओझरताच वाचलेला असतो.

ही उणीव भरून काढण्यासाठी बहुतेक जण व्याख्यानं ऐकतात, वेबिनारला बसतात, प्रमाणपत्रं जमवतात. त्यातून माहिती वाढते, पण सोमवारी सकाळी वर्गात काय करायचं हा प्रश्न तसाच उरतो. वर्षभर एकच प्रश्न धरावा, त्याची मूळ कागदपत्रं स्वतः वाचावीत, त्यावर एक धडा बांधावा आणि मुलांनी लिहिलेलं समोर ठेवून तो दुरुस्त करावा, अशी पद्धत मी सुचवते. उन्हाळी शिबिरं, शिष्यवृत्त्या, ऐतिहासिक स्थळं यांचा उपयोग या कामासाठी करायचा.

आधी नियम आणि तास

शिक्षकांना प्रशिक्षणाचे किती तास लागतात ते राज्यागणिक बदलतं. न्यू जर्सीत दरवर्षी किमान २० तास, न्यूयॉर्कमध्ये ५ वर्षांत १००, टेक्ससमध्ये वर्गशिक्षकांना ५ वर्षांत १५०. न्यूयॉर्कमध्ये तास मान्यताप्राप्त संस्थेकडूनच घ्यावे लागतात, म्हणून नाव नोंदवण्यापूर्वी डिस्ट्रिक्टच्या कार्यालयाला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. पुढे सांगितलेल्या सहकाऱ्यांच्या मासिक बैठकांचे तास धरले जातात का, हेही त्याच ईमेलमध्ये विचारा. अनेक ठिकाणी आधी मंजुरी घेतली तर धरले जातात.

राज्याची अभ्यासक्रम-मानकंही याच वेळी छापून घ्या. आठवीचा टप्पा टेक्ससमध्ये १८७७ पर्यंत जातो, दुसरीकडे तो वेगळ्या ठिकाणी थांबतो. जो भाग शिकवायचाच नाही त्यावर आठवडाभराचं शिबिर करण्यात अर्थ नाही.

एक प्रश्न निवडा

वर्षाच्या नियोजनाचा कागद समोर घ्या आणि ज्या पाठांत तुम्ही फक्त पाठ्यपुस्तकाच्या आधारावर उभे असता तिथे खूण करा. मुलाने "हे कशावरून?" असं विचारलं तर उत्तर देता येणार नाही, अशी ती ठिकाणं. त्यांतलं एक निवडा आणि त्याचा प्रश्न करा.

"अमेरिकन क्रांती" हा विषय झाला, प्रश्न नव्हे. "१९ एप्रिल १७७५ रोजी लेक्सिंग्टनच्या मैदानावर पहिली गोळी कोणी झाडली?" हा प्रश्न झाला. त्यावर घटनेनंतर काही दिवसांतच वसाहतवाल्यांनी शपथेवर दिलेल्या जबान्या आहेत आणि तिथे आलेल्या ब्रिटिश तुकडीतल्या एका अधिकाऱ्याची रोजनिशीही आहे. दोन्ही बाजू एकमेकांकडे बोट दाखवतात. पक्कं उत्तर मिळत नाही, पण बाराव्या-तेराव्या वर्षीचं मूल त्यावर पुराव्यानिशी बोलू शकतं.

चांगल्या प्रश्नाला किमान दोन परस्परविरोधी कागद लागतात आणि ते मुलांना पेलतील एवढे छोटे करता यावे लागतात. तुम्हाला स्वतःलाही त्याच्या उत्तराची उत्सुकता हवी. वर्षभर त्याच्यासोबत राहायचं आहे.

वाचनाची पद्धत स्वतःवर चालवून बघा

मराठी माणसाला ही पद्धत परकी वाटायचं कारण नाही. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी गावोगाव फिरून मराठ्यांच्या इतिहासाची दप्तरं गोळा केली, ती अस्सल पत्राचं आणि नंतर रचलेल्या बखरीचं वजन सारखं नसतं म्हणूनच. कागद कोणी लिहिला, कधी, कोणासाठी, आणि दुसरा कागद त्याला दुजोरा देतो का, हे आपल्याकडच्या संशोधकांनी शंभर वर्षांपूर्वी विचारलेले प्रश्न अमेरिकेच्या वर्गात जसेच्या तसे चालतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या इतिहास-शिक्षणाच्या गटाने याच प्रश्नांवर धडे बांधून मोफत उपलब्ध केले. तो गट आता डिजिटल इन्क्वायरी ग्रुप या नावाने काम करतो. त्यांचे धडे उतरवून घ्या, पण मुलांना देण्याआधी स्वतः विद्यार्थी होऊन सोडवा. उत्तरांचा भाग झाकून ठेवा.

सुरुवात पोकाहॉन्टसपासून करा, म्हणजे पोहाटन या मूळ रहिवाशांच्या प्रमुखाच्या मुलीपासून. जेम्सटाउनच्या कॅप्टन जॉन स्मिथला १६०७ च्या डिसेंबरात पोहाटन लोकांनी पकडलं. १६०८ मध्ये लंडनला छापलेल्या त्याच्या वृत्तांतात पोहाटन प्रमुखाने त्याचं आदरातिथ्य केल्याचं वर्णन आहे, मुलीने प्राण वाचवल्याचा उल्लेख नाही. १६२४ च्या पुस्तकात मात्र दगडावर डोकं ठेवलेलं, सोटे उगारलेले, आणि पोकाहॉन्टस मधे पडते. तोवर ती आणि तिचे वडील दोघंही वारलेले होते आणि तिचं नाव इंग्लंडमध्ये गाजून गेलं होतं. दोन्ही उतारे शेजारी ठेवून अर्धा तास बसा. स्मिथ खोटं बोलला असा निकाल मनात लगेच तयार होतो. तो थोपवा आणि पहिल्या वेळी ही गोष्ट न सांगण्याची कारणं काय असू शकतील ते लिहून काढा. हा थांबण्याचा सराव शिक्षकाला आधी हवा, कारण वर्गात मुलंही अशीच निकालाकडे धावतात.

दुसरा सराव चित्रावर. ५ मार्च १७७० रोजी बॉस्टनमध्ये सैनिकांनी जमावावर गोळीबार केला, पाच माणसं मेली. पॉल रिव्हिअरने छापलेलं त्याचं चित्र बहुतेक पाठ्यपुस्तकांत असतं. त्यात सैनिक शिस्तीत रांगेने उभे आहेत, कॅप्टन प्रेस्टन तलवार उंचावून हुकूम देतोय, मागच्या कस्टम हाउसवर "खाटीकखाना" अशा अर्थाची पाटी आहे. मूळ चित्र हेन्री पेलहॅमचं, रिव्हिअरने ते उतरवून आधी बाजारात आणलं. आता खटला बघा. सैनिकांचं वकीलपत्र घेतलं जॉन ॲडम्सने, जो पुढे राष्ट्राध्यक्ष झाला. प्रेस्टन सुटला, आठांपैकी सहा सैनिक निर्दोष ठरले, दोघांना सदोष मनुष्यवधाची शिक्षा झाली. ज्युरीला जे पटलं नाही तेच चित्रातून घराघरांत पोचलं. चित्र हा घटनेचा पुरावा आहे की त्या वेळच्या प्रचाराचा, यावर पाचवीची मुलंसुद्धा अप्रतिम बोलतात. फक्त प्रश्न विचारून गप्प बसण्याची तयारी शिक्षकाकडे हवी.

लायब्ररी ऑफ काँग्रेसने दिलेला तीन रकान्यांचा साधा तक्ता लहान मुलांना पुरतो. मला काय दिसतं, त्यावरून काय वाटतं, काय विचारावंसं वाटतं. तक्ता सोपा असला तरी पहिल्या रकान्यात "सैनिक दुष्ट आहेत" असं लिहिणारं मूल दिसलं की समजा, पाहणं आणि मत यांतला फरक अजून शिकवायचा आहे.

कागद शोधणं आणि कापणं

फाउंडर्स ऑनलाइन या संकेतस्थळावर वॉशिंग्टन, फ्रँकलिन, ॲडम्स, जेफरसन, हॅमिल्टन, मॅडिसन आणि जॉन जे यांची पत्रं मोफत वाचता येतात. नॅशनल आर्काइव्ह्जच्या डॉक्सटीचवर कागदांसोबत वर्गात करायच्या कृतीही आहेत. १७९१ साली स्थापन झालेली मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटी आणि वूस्टरची अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटी शिक्षकांसाठी कार्यशाळा घेतात. पहिलीकडे ॲडम्स कुटुंबाचे कागद आहेत, दुसरीकडे जुन्या छापील साहित्याचा अफाट साठा.

मोठ्या माणसांच्या पत्रांवर मात्र थांबू नका. ज्यांना लिहू दिलं गेलं नाही त्यांची चाहूल बहुतेक वेळा त्यांच्या मालकांच्या कागदांतच लागते. मे १७९६ मध्ये फिलाडेल्फियाच्या वर्तमानपत्रात एक जाहिरात आली, राष्ट्राध्यक्षांच्या (म्हणजे वॉशिंग्टनच्या) घरातून ओना जज ही गुलाम मुलगी पळून गेली आहे, आणून देणाऱ्याला दहा डॉलर. तिचं वय, बांधा, अंगावरचे डाग, कपडे सगळं त्यात आहे. ती का गेली असावी हे कळत नाही, असंही जाहिरात सांगते. ओना न्यू हॅम्पशायरला पोचली, वॉशिंग्टनच्या हाती कधीच लागली नाही, आणि १८४० च्या दशकात म्हातारपणी तिने मुलाखती दिल्या. जाहिरात आणि मुलाखत शेजारी ठेवली की वर्गातली शांतता बदलते. अशा हजारो जाहिराती कॉर्नेल विद्यापीठाच्या फ्रीडम ऑन द मूव्ह या संग्रहात शोधता येतात.

आता कात्री. अठराव्या शतकातलं चार पानी पत्र आठवीतलं मूल वाचणार नाही. दीडशे-दोनशे शब्दांचा उतारा करा, जुनं स्पेलिंग आजचं करा, कठीण शब्दांचे अर्थ समासात द्या, जिथे वाक्यं गाळलीत तिथे टिंबं द्या आणि मूळ कागदाची प्रतिमा शेजारी ठेवा. मूळ हस्ताक्षर बघायला मिळणं हा मुलांचा हक्क आहे, वाचता आलं नाही तरी. कापताना कागदाची अवघड बाजू गळत नाही ना, हे दुसऱ्या शिक्षकाकडून तपासून घ्या. जाहीरनाम्यातली समतेची ओळ ठेवून मूळ रहिवाशांना रानटी म्हणणारं कलम गाळलं, तर तुम्ही मुलांना वेगळाच कागद दिलात. जेफरसनच्या मसुद्यात गुलामांच्या व्यापारावर एक परिच्छेद होता, तो काँग्रेसने वगळला. मसुदा आणि अंतिम प्रत यांची तुलना हा वर्षभर पुरणारा प्रश्न आहे.

उन्हाळी शिबिर निवडताना

अर्जांचा हंगाम साधारण हिवाळा आणि वसंताच्या सुरुवातीचा. शिफारसपत्र आणि छोटा निबंध बहुतेक ठिकाणी लागतो. निबंधात "मला इतिहासाची आवड आहे" असं लिहू नका. तुमचा निवडलेला प्रश्न लिहा, कोणते कागद वाचलेत आणि कुठे अडलात ते सांगा. निवड करणाऱ्यांना असा अर्ज लगेच वेगळा दिसतो.

१९९४ साली स्थापन झालेली न्यूयॉर्कची गिल्डर लेहरमन इन्स्टिट्यूट शिक्षकांसाठी चर्चासत्रं घेते, काही ऑनलाइनही असतात, आणि शाळेला मोफत संलग्न होता येतं. इतर काही करायला वेळ नसेल तर एवढं तरी याच आठवड्यात करून टाका. नॅशनल एन्डाउमेंट फॉर द ह्युमॅनिटीजच्या निधीतून ऐतिहासिक स्थळांवर आठवडाभराच्या कार्यशाळा होत आल्या आहेत आणि निवडलेल्या शिक्षकांना भत्ता मिळतो. २०२५ मध्ये या संस्थेची अनेक अनुदानं रद्द झाली, म्हणून ज्या वर्षी जायचं त्या वर्षीची यादी स्वतः बघूनच बेत करा. वॉशिंग्टनचं घर माउंट व्हर्नन, जेफरसनचं घर माँटिचेलो आणि वसाहतकाळातलं जतन केलेलं गाव कलोनियल विल्यम्सबर्ग यांचे स्वतःचे शिक्षक-कार्यक्रम आहेत. इतिहासात पदव्युत्तर पदवी करायची असेल तर १९८६ च्या कायद्याने सुरू झालेली जेम्स मॅडिसन फेलोशिप बघा. २४,००० डॉलरपर्यंत मदत मिळते, अभ्यास राज्यघटनेवर केंद्रित असावा लागतो आणि बदल्यात ठरावीक काळ शिकवण्याची हमी द्यावी लागते.

व्हिसावर असलेल्यांनी पात्रतेची अट आधी वाचावी. मॅडिसन फेलोशिप अमेरिकन नागरिकांसाठी आहे, तीही सातवी ते बारावी शिकवणाऱ्यांसाठी, त्यामुळे पाचवीचे शिक्षक तिथे बसत नाहीत. एन्डाउमेंटच्या कार्यशाळांना परदेशी नागरिकही अर्ज करू शकत आले आहेत, अर्जाच्या मुदतीपूर्वी तीन वर्षं अमेरिकेत राहिलेलं असलं तर.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेळापत्रक मागवा. दिवसात व्याख्यानाचे तास किती, कागद हाताळायचे किती, स्वतःचा धडा बांधायला किती, आणि शरद ऋतूत पुन्हा कोणी तुमच्याशी बोलणार आहे का? २००१ पासून दहाएक वर्षं सिनेटर रॉबर्ट बर्ड यांच्या पुढाकाराने शिक्षकांच्या इतिहास-प्रशिक्षणासाठी केंद्र सरकारने मोठा निधी दिला. त्यातले कित्येक प्रकल्प उत्तम होते, पण जिथे इतिहासकार बोलले आणि शिक्षक घरी गेले तिथे वर्गात काय बदललं हे कोणालाच दाखवता आलं नाही. ज्या शिबिराला पुढचा पाठपुरावा नाही, तिथे जायचंच असेल तर एका सहकाऱ्याला सोबत घेऊन जा, म्हणजे पाठपुरावा तुम्ही दोघं करू शकाल.

स्थळावर गेल्यावर

वाड्यातल्या खोल्या बघण्यात सगळा वेळ घालवू नका. मार्गदर्शकाला प्रत्येक विधानापाशी विचारा, हे आपल्याला कशावरून माहीत आहे? माउंट व्हर्ननवर उत्तर मिळेल की १७९९ मध्ये वॉशिंग्टनने स्वतः केलेल्या यादीवरून. त्या यादीप्रमाणे तिथे ३१७ माणसं गुलामगिरीत होती. त्यांतली १२३ वॉशिंग्टनच्या मालकीची, त्यांच्या मुक्ततेची तरतूद त्याने मृत्युपत्रात केली. बाकीच्यांत बहुतेक जण त्याची बायको मार्था हिच्या पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीचे, त्यांना ती लागू झाली नाही. एकाच कुटुंबात नवरा मुक्त आणि बायको-मुलं नाहीत, असं झालं. यादी आणि मृत्युपत्र, दोन कागद आणि एक तयार धडा.

अवघड विषय, कायदे आणि पालक

गुलामगिरी दक्षिणेपुरती नव्हती. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये १९९१ साली इमारतीचं खोदकाम करताना आफ्रिकन लोकांची दफनभूमी सापडली, आज ते राष्ट्रीय स्मारक आहे. न्यू जर्सीने हळूहळू मुक्ती देणारा कायदा १८०४ मध्ये केला, उत्तरेतल्या राज्यांत सगळ्यात शेवटी. तुम्ही उत्तरेत शिकवत असाल तर स्थानिक कागदांपासूनच सुरुवात करा.

गुलामांचा लिलाव किंवा जहाजावरचा प्रवास मुलांकडून अभिनयाने करवून घेऊ नका. कृष्णवर्णीय मुलांना त्याने दुखापत होते आणि इतरांना त्यातून काही समजत नाही. कागद वाचणं पुरेसं तीव्र असतं.

मूळ रहिवाशांबद्दल बोलताना ते आज आहेत हे विसरू नका. थँक्सगिव्हिंग सणाचं मूळ मानल्या जाणाऱ्या १६२१ च्या मेजवानीबद्दल प्रत्यक्षदर्शी पुरावा अगदी थोडा आहे, प्लिमथ वसाहतीतल्या एडवर्ड विन्स्लोच्या पत्रातला छोटा परिच्छेद हा त्यातला मुख्य. त्यात वॉम्पनोग प्रमुख मॅसासॉइट सुमारे ९० माणसं घेऊन आल्याचं आणि त्यांनी पाच हरणं मारून आणल्याचं आहे. तो परिच्छेद वाचा, मग आजच्या वॉम्पनोग लोकांचं म्हणणं ऐका. स्मिथसोनियनच्या नेटिव्ह नॉलेज ३६०° मधलं साहित्य इथे उपयोगी पडतं. मोंटाना आणि वॉशिंग्टन राज्यांत तर हा अभ्यास कायद्यानेच अपेक्षित आहे.

२०२१ पासून अनेक राज्यांनी वंशासंबंधीच्या अध्यापनावर बंधनं घातली आहेत. सहकाऱ्यांच्या ऐकीव भीतीवर जाऊ नका, कायद्याचा मजकूर स्वतः वाचा. बहुतेक वेळा मानकांत नमूद असलेला विषय मूळ कागदातून शिकवायला जागा असते. धडा घेण्याआधी प्रिन्सिपलना उतारे, मानकाचा क्रमांक आणि मुलांना विचारायचे प्रश्न एका पानावर द्या. तक्रार आलीच तर हे पान तुमच्या पाठीशी उभं राहतं.

वर्गात घेणं आणि मुलांचं लिखाण वाचणं

सगळा वेळ खरा इथे द्यायचा. तीन-चार शिक्षकांचा गट करा, आपल्या शाळेत इतिहासाचे तेवढे नसतील तर शेजारच्या शाळेतले घ्या. जपानमधल्या शिक्षकांत रूढ असलेली पद्धत उपयोगी आहे. धडा सगळ्यांनी मिळून बांधायचा, एकाने घ्यायचा, बाकीच्यांनी मागे बसून शिक्षकाकडे नाही तर मुलांकडे बघायचं. कोण कागदाकडे परत गेलं? कोणी तारीख बघितली? कोणी दोन उतारे जोडून वाक्य केलं?

नंतर मुलांनी लिहिलेले परिच्छेद बैठकीत आणा. हुशार, मधली आणि मागे पडलेली अशी मुलं त्यांत असू द्या. गुण देऊ नका. प्रत्येक परिच्छेदात पुराव्याचा उल्लेख आहे का, आणि लिहिणारा कोण होता याचा विचार केलाय का, एवढंच शोधा. हमखास दिसणारी गोष्ट म्हणजे मुलं उतारा जसाच्या तसा उचलतात आणि "म्हणून हे खरं आहे" असं लिहून मोकळी होतात. यावर भाषण देऊन उपयोग होत नाही. धड्यातच बदल करावा लागतो, उदाहरणार्थ पहिला उतारा वाचल्यावर मत लिहायला लावायचं आणि दुसरा दिल्यावर ते मत कुठे आणि का बदललं तेवढंच लिहायला लावायचं. बदललेला धडा पुढच्या शिक्षकाच्या वर्गात घ्या आणि पुन्हा लिखाण आणा.

भारतीय घरांतल्या मुलांसाठी एक धागा

तुमच्या वर्गात भारतीय घरांतली मुलं असतील तर हा प्रश्न जरूर घ्या. बॉस्टनवाल्यांना बंगालमध्ये काय चाललंय हे माहीत होतं का? १६ डिसेंबर १७७३ रोजी समुद्रात फेकलेल्या ३४२ पेट्यांतला चहा चीनमधला होता, पण माल ईस्ट इंडिया कंपनीचा. ती आर्थिक संकटात होती म्हणूनच संसदेने तिला चहाची सवलत दिली होती. त्याच वर्षाच्या अखेरीस पेनसिल्व्हेनियाच्या जॉन डिकिन्सनने टोपणनावाने छापलेल्या पत्रकात कंपनीच्या आशियातल्या वागणुकीवर कडक टीका आहे आणि बंगालच्या दुष्काळात मेलेल्या लाखो माणसांचा उल्लेख आहे. आमचीही तीच गत होईल, हा त्याचा रोख.

आणि वसाहती इंग्लंडशी लढत होत्या त्याच वर्षांत, १७७५ ते १७८२, मराठे याच कंपनीशी लढत होते. वडगावला कंपनीच्या फौजेने जानेवारी १७७९ मध्ये मान तुकवली. ऑक्टोबर १७८१ मध्ये यॉर्कटाउनला शरण आलेल्या फौजेचा सेनापती कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल म्हणून कलकत्त्याला आला आणि १७९२ साली श्रीरंगपट्टणपुढे मराठी फौजा त्याच्या बाजूने उभ्या होत्या. डिकिन्सनचं पत्रक दीडशे शब्दांत कापता येतं. त्याला जोडून चहाच्या कायद्यातला एक उतारा द्या. तिसऱ्या कागदाच्या जागी मुलांनाच विचारा, पुरावा अजून कोणाचा हवा होता आणि तो आपल्याकडे का नाही.